विश्लेषण : बी.फार्म. झाल्यावर अमेरिकेत फार्मासिस्ट का होता येत नाही? ‘प्री-फार्मसी’ची वाट नेमकी कशी?

अमेरिकेत फार्मासिस्टला वर्षाला लाखाहून अधिक डॉलर मिळतात, हे खरे आहे. मात्र भारतातील चार वर्षांच्या बी.फार्म. पदवीवर तेथील परवान्याची परीक्षाच देता येत नाही, हेही तितकेच खरे आहे. अनेक घरांत पहिली गोष्ट बारावीच्या निकालानंतर कळते आणि दुसरी बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षात. तोवर चार वर्षे आणि काही लाख रुपये खर्च झालेले असतात.

अमेरिकेत फार्मसीची व्यावसायिक पदवी बारावीनंतर लगेच सुरू होत नाही. त्याआधी महाविद्यालयात दोन ते चार वर्षे ठरावीक विषय शिकावे लागतात. या टप्प्याला तेथे ‘प्री-फार्मसी’ म्हणतात. या टप्प्यात काय शिकायचे, निवड कशावर होते, खर्च किती आणि महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला यातील कोणती वाट परवडते, ते समजून घेऊ.

अमेरिकेतील फार्मसी शिक्षण आपल्यापेक्षा वेगळे कसे?

भारतात फार्मसीचे शिक्षण बारावीनंतर थेट सुरू होते. डी.फार्म. दोन वर्षांचे, बी.फार्म. चार वर्षांचे आणि २००८ पासून सुरू झालेले फार्म.डी. सहा वर्षांचे. यातील शेवटचे वर्ष रुग्णालयातील इंटर्नशिपचे असते. यापैकी कोणतीही पदवी किंवा पदविका पूर्ण करून राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी केली की औषध दुकानात किंवा रुग्णालयात फार्मासिस्ट म्हणून काम करता येते. पदविकाधारकांसाठी आता निर्गम परीक्षेचा नियमही आला आहे.

अमेरिकेत फार्मासिस्ट होण्याची पदवी एकच, ‘डॉक्टर ऑफ फार्मसी’ म्हणजे फार्म.डी. तेथेही पूर्वी पाच वर्षांची बॅचलर पदवी होती. मात्र फार्मसी शिक्षणाला मान्यता देणाऱ्या ‘एसीपीई’ या संस्थेने २००० पासून फार्म.डी. हीच प्रवेशाची पदवी ठरवली आणि जुनी पदवी हळूहळू बंद झाली.

हे फार्म.डी. साधारणपणे चार वर्षांचे असते. कॅलिफोर्नियातील यूसीएसएफ आणि युनिव्हर्सिटी ऑफ द पॅसिफिक यांसारख्या काही विद्यापीठांत उन्हाळी सुट्टी न घेता ते तीन वर्षांत पूर्ण होते. पण त्याआधीची प्री-फार्मसीची वर्षे धरली तर बारावीपासून फार्मासिस्ट होईपर्यंत सहा ते आठ वर्षे लागतात. म्हणजे कालावधीच्या हिशेबात अमेरिकी फार्म.डी.ची तुलना आपल्या बी.फार्म.शी नव्हे, सहा वर्षांच्या फार्म.डी.शी करावी लागते.

मग बी.फार्म. का चालत नाही?

परदेशात शिकलेल्या फार्मासिस्टला अमेरिकेत परवाना हवा असेल तर आधी ‘एफपीजीईसी’ हे प्रमाणपत्र मिळवावे लागते. ते राज्यांच्या फार्मसी मंडळांची राष्ट्रीय संघटना ‘एनएबीपी’ देते. त्यासाठी पदवीची कागदपत्रे तपासली जातात, ‘एफपीजीईई’ ही परीक्षा द्यावी लागते आणि इंग्रजीची चाचणीही उत्तीर्ण व्हावी लागते.

अडचण पहिल्याच पायरीवर येते. १ जानेवारी २००३ किंवा त्यानंतर पदवी घेतलेल्या उमेदवाराचा फार्मसीचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असला पाहिजे, अशी अट आहे. त्याआधीच्या पदवीधरांना चार वर्षे पुरत होती. त्यामुळेच नव्वदच्या दशकात बी.फार्म. करून अमेरिकेत गेलेले आणि तिथे फार्मासिस्ट झालेले अनेक मराठी लोक आजही आढळतात. एखाद्या नातेवाइकाचे उदाहरण देऊन ‘ते गेले, तूही जाशील’ असे सांगितले जाते, तेव्हा मधल्या काळात नियम बदलल्याचे लक्षात घेतले जात नाही.

दुसरा गैरसमज एम.फार्म.चा. बी.फार्म.ची चार आणि एम.फार्म.ची दोन, अशी सहा वर्षे होतात, मग अट पूर्ण झाली, असे अनेकांना वाटते. मात्र फार्मासिस्ट होण्यासाठीची मूळ पदवी किती वर्षांची, हे येथे मोजले जाते. पदव्युत्तर पदवीची वर्षे त्यात मिळवली जात नाहीत.

‘प्री-फार्मसी’ म्हणजे पदवी असते का?

नाही. ‘प्री-फार्मसी’ हे बहुतेक ठिकाणी पदवीचे नाव नसते, तो विषयांचा संच असतो. विद्यार्थी जीवशास्त्र, रसायनशास्त्र किंवा अगदी अर्थशास्त्राची पदवीही घेत असू शकतो. फार्मसी स्कूलला हवे असलेले विषय त्याने चांगल्या श्रेणीत पूर्ण केले म्हणजे झाले. अनेक फार्मसी स्कूल बॅचलर पदवी पूर्ण असण्याचा आग्रह धरत नाहीत, ६० ते ७० क्रेडिटचे ठरावीक विषय मागतात. हे काम पूर्णवेळ विद्यार्थ्याचे साधारण दोन वर्षांचे असते. काही स्कूल मात्र पदवीधरांना पसंती देतात.

यात दोन मार्ग आहेत. पहिला, आधी कोणत्याही महाविद्यालयात पूर्वअट विषय पूर्ण करायचे आणि मग फार्म.डी.साठी स्वतंत्र अर्ज करायचा. दुसरा, शाळा संपताच एकाच विद्यापीठात सहा वर्षांसाठी प्रवेश घ्यायचा. पहिली दोन वर्षे प्री-फार्मसी आणि ठरलेले गुण राखले तर पुढची चार वर्षे फार्म.डी. न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठाचा असा सहा वर्षांचा कार्यक्रम प्रसिद्ध आहे. हे स्कूल पिस्कॅटवेला, म्हणजे भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या एडिसनला लागूनच आहे.

थेट प्रवेशात जागेची हमी असली तरी ती सशर्त असते. ठरलेल्या सरासरीखाली गुण गेले तर व्यावसायिक टप्प्यात जाता येत नाही.

कोणते विषय शिकावे लागतात?

प्रत्येक स्कूलची यादी वेगळी असते, पण गाभा सारखाच असतो. प्रयोगशाळेसह सामान्य रसायनशास्त्राची दोन सत्रे, प्रयोगशाळेसह सेंद्रिय रसायनशास्त्राची दोन सत्रे, जीवशास्त्र, शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, कॅल्क्युलस, संख्याशास्त्र हे बहुतेक याद्यांत असतात. अनेक ठिकाणी भौतिकशास्त्र आणि जैवरसायनशास्त्रही मागतात.

याशिवाय इंग्रजी निबंधलेखन, भाषण किंवा संवादकौशल्य, अर्थशास्त्र, मानसशास्त्र किंवा समाजशास्त्र असे विषयही असतात. फार्मासिस्टचा निम्मा दिवस रुग्णाशी, डॉक्टरशी आणि विमा कंपनीशी बोलण्यात जातो, म्हणून या विषयांना तिथे दुय्यम मानले जात नाही.

यातील सर्वात मोठी चाळणी सेंद्रिय रसायनशास्त्राची मानली जाते. पाठांतरावर हा विषय निघत नाही. अभिक्रिया कशी पुढे सरकते, हे समजून घ्यावे लागते. एकाच सत्रात सेंद्रिय रसायन, कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्र एकत्र घेऊन सरासरी घसरू देण्यापेक्षा विषयांची विभागणी नीट करणे, हे प्री-फार्मसीच्या तयारीतील पहिले कौशल्य मानले जाते.

बी.फार्म. झालेल्या विद्यार्थ्याचे कोणते विषय यात बसतात?

भारतात बी.फार्म. करून अमेरिकेत फार्म.डी.ला प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांसाठी हा कळीचा प्रश्न आहे. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या सत्रपद्धतीच्या अभ्यासक्रमात शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राची दोन सत्रे, सेंद्रिय रसायनशास्त्राची तीन सत्रे, जैवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, संवादकौशल्य आणि शेवटच्या सत्रात जैवसंख्याशास्त्र असते. म्हणजे विज्ञानाची बाजू बऱ्यापैकी भरलेली असते.

उणीव राहते ती इतरत्र. अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्र बी.फार्म.मध्ये नसते. भौतिकशास्त्र बारावीनंतर स्वतंत्र विषय म्हणून शिकवले जात नाही. गणिताचा प्रश्न आणखी नाजूक आहे. बारावीला जीवशास्त्र गट घेतलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात ‘रेमेडियल मॅथेमॅटिक्स’ असते. त्यात विकलन आणि संकलन शिकवतात, पण नावातच ‘रेमेडियल’ असल्याने तो विषय महाविद्यालयीन कॅल्क्युलसच्या बरोबरीचा धरायचा की नाही, हे प्रत्येक स्कूल स्वतः ठरवते. बारावीला गणित घेतलेल्यांना याच जागी ‘रेमेडियल बायोलॉजी’ असते.

म्हणून अमेरिकेचा विचार असलेल्या विद्यार्थ्याने अकरावीत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवलेले बरे. सीईटीच्या वर्षी हे ओझे वाटते, पण नंतर एखाद्या अमेरिकी कम्युनिटी कॉलेजमध्ये डॉलर मोजून कॅल्क्युलस शिकण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

प्रवेश परीक्षा बंद झाली, मग निवड कशावर?

अनेक दशके फार्मसीच्या प्रवेशासाठी ‘पीकॅट’ ही परीक्षा होती. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, आकलन, गणिती विचार आणि लेखन असे तिचे भाग होते. मात्र एकामागून एक फार्मसी स्कूलनी ती ऐच्छिक केली, परीक्षार्थी घटत गेले आणि जानेवारी २०२४ मध्ये ती कायमची बंद झाली. आजही काही जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत आणि क्लासच्या जाहिरातींत ‘पीकॅटची तयारी’ दिसते. त्यावर पैसे खर्च करण्यात आता अर्थ नाही.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला हे समजायला थोडे जड जाते. आपल्याकडे एमएचटी-सीईटीचा एक दिवस वर्षाचा हिशेब ठरवतो. तेथे उलट आहे. एक परीक्षा नाही, म्हणून प्रत्येक सत्राची प्रत्येक श्रेणी मोजली जाते. एकूण सरासरी वेगळी आणि विज्ञान विषयांची सरासरी वेगळी पाहिली जाते. पूर्वअट विषयात साधारणपणे ‘सी’पेक्षा खालची श्रेणी चालत नाही. नापास झालेला विषय पुन्हा देऊन चांगली श्रेणी मिळवली, तरी केंद्रीय अर्ज यंत्रणा सरासरी काढताना दोन्ही प्रयत्नांची श्रेणी धरते. ‘एटीकेटी निघाली की झाले’ हा आपल्याकडचा हिशेब इथे उपयोगी पडत नाही.

गुणांखेरीज शिफारसपत्रे, वैयक्तिक निबंध, कामाचा अनुभव आणि मुलाखत यांना वजन असते. मुलाखतीत अनेक ठिकाणी छोट्या छोट्या प्रसंगांच्या फेऱ्या असतात. एखादा रुग्ण महागडे औषध परवडत नाही म्हणून गोळी अर्धी करून घेतो आहे, तुम्ही काय कराल, अशा धर्तीचा प्रश्न विचारला जातो. तिथे औषधाचे नाव सांगण्यापेक्षा समोरच्याचे ऐकून घेण्याची तयारी पाहिली जाते.

अर्ज कसा आणि केव्हा करायचा?

बहुतेक फार्मसी स्कूलसाठी ‘फार्मकॅस’ ही एकच केंद्रीय ऑनलाइन यंत्रणा आहे. आपल्याकडच्या कॅप फेरीशी तिची तुलना होते, पण दोन्हींत मोठा फरक आहे. कॅप फेरीत गुणवत्तेनुसार जागा वाटल्या जातात. फार्मकॅस फक्त अर्ज गोळा करून तपासते आणि संबंधित स्कूलकडे पाठवते. प्रवेश द्यायचा की नाही, हे प्रत्येक स्कूल स्वतंत्रपणे ठरवते.

अर्जाचे चक्र साधारण जुलैच्या मध्यात, म्हणजे पुढील वर्षीचा अभ्यासक्रम सुरू होण्याच्या वर्षभर आधी उघडते. अंतिम मुदती स्कूलनुसार नोव्हेंबरपासून पुढील उन्हाळ्यापर्यंत असतात. अनेक स्कूल अर्ज येतील तसे मुलाखती घेत जागा भरतात. त्यामुळे शेवटच्या तारखेची वाट पाहणारा विद्यार्थी शिष्यवृत्तीच्या बाबतीत मागे पडतो.

परदेशी गुणपत्रिका असलेल्यांना एक जादा पायरी असते. विषयवार श्रेणी आणि क्रेडिट दाखवणारे मूल्यमापन अमेरिकी संस्थेकडून करून घ्यावे लागते. त्यासाठी विद्यापीठाने मोहोरबंद किंवा डिजिटल पद्धतीने गुणपत्रिका थेट पाठवाव्या लागतात. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून ट्रान्सस्क्रिप्ट मिळण्यास किती आठवडे लागतात, हे ज्यांनी खेटे घातले आहेत त्यांना सांगायला नको. हे काम अर्ज उघडण्याच्या किमान तीन-चार महिने आधी सुरू करावे. शिकलेल्या प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रमही जपून ठेवावा. कॅल्क्युलस किंवा सूक्ष्मजीवशास्त्र बरोबरीचे आहे की नाही, हे ठरवताना तोच मागितला जातो.

औषध दुकानातला अनुभव किती महत्त्वाचा?

खूप. अमेरिकेतील प्री-फार्मसीचे अनेक विद्यार्थी फार्मसी टेक्निशियन म्हणून काम करतात. गोळ्या मोजणे, विम्याचे दावे भरणे, साठा पाहणे, असे हे काम असते. त्यातून पैसे मिळतात आणि हा व्यवसाय आपल्याला झेपेल का, हेही कळते. दिवसभर उभे राहणे, सतत वाजणारा फोन आणि चिडलेले ग्राहक हे चित्र माहितीपत्रकात नसते.

भारतातून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला मात्र ही मुभा सहज मिळत नाही. एफ-१ व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर पगारी काम करणे हा नियमभंग आहे आणि त्याची किंमत व्हिसा गमावून मोजावी लागू शकते. अशा विद्यार्थ्यांपुढे रुग्णालयातील स्वयंसेवा, फार्मासिस्टसोबत राहून निरीक्षण करणे किंवा विद्यापीठातील प्रयोगशाळेत काम करणे हे पर्याय उरतात. भारतात असतानाच गावातल्या औषध दुकानात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या औषध विभागात काही महिने काम करून त्याचे लेखी पत्र घेतलेले असेल, तर तेही अर्जात दाखवता येते.

प्रवेश सोपा झाला आहे, हे खरे का?

एका अर्थाने हो. २००० च्या सुमारास अमेरिकेत मान्यताप्राप्त फार्मसी स्कूल ८० च्या आसपास होती. नंतरच्या दोन दशकांत ती वाढून १४० च्या आसपास पोहोचली. त्याच वेळी गेल्या दशकभरात अर्जदारांची संख्या निम्म्याहून अधिक घटली. जागा जास्त आणि विद्यार्थी कमी, अशी स्थिती झाल्याने अनेक ठिकाणी प्रवेशाचे निकष सैल झाले.

महाराष्ट्रालाही हे चित्र अनोळखी नाही. नव्या फार्मसी महाविद्यालयांवर फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने पाच वर्षांची बंदी घातली होती. ती उच्च न्यायालयांनी रद्द केली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. त्यानंतर राज्यात नव्या महाविद्यालयांची रांग लागली आणि रिकाम्या जागांची चर्चा दरवर्षी होऊ लागली.

मात्र प्रवेश सोपा झाला म्हणजे फार्मासिस्ट होणे सोपे झाले, असे नाही. फार्म.डी. झाल्यावर ‘नॅपलेक्स’ ही २२५ प्रश्नांची, सहा तासांची राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. बहुतेक राज्यांत औषध कायद्याची वेगळी परीक्षाही असते. नॅपलेक्समध्ये पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण २०२० मध्ये सुमारे ८८ टक्के होते. २०२३ पर्यंत ते ८० टक्क्यांच्या खाली आले. स्कूलगणिक हे प्रमाण खूप वेगळे आहे आणि ते सार्वजनिक असते. त्यामुळे कोणत्याही स्कूलचा विचार करताना सुंदर कॅम्पसच्या छायाचित्रांआधी त्याचा नॅपलेक्सचा निकाल पाहावा. चार वर्षांत किती विद्यार्थी वेळेवर उत्तीर्ण झाले, हा आकडाही तपासावा.

खर्च किती आणि कर्जाचे काय?

खासगी फार्मसी स्कूलचे शुल्क अनेक ठिकाणी वर्षाला ४० हजार डॉलरच्या पुढे आहे. डॉलर ८५ रुपये धरला तरी चार वर्षांचे केवळ शुल्क १ कोटी ३६ लाख रुपये होते. राहणे, जेवण, आरोग्यविमा आणि त्याआधीची प्री-फार्मसीची दोन वर्षे यात धरलेली नाहीत. सरकारी विद्यापीठांचे शुल्क त्या राज्याच्या रहिवाशांना कमी असते, परदेशी विद्यार्थ्यांना ही सवलत सहसा मिळत नाही. खुद्द अमेरिकी विद्यार्थीही सरासरी दीड लाख डॉलरहून अधिक कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडतात.

तेथील मराठी कुटुंबांसाठीही नियम बदलले आहेत. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ‘ग्रॅड प्लस’ हे केंद्रीय कर्ज मिळणार नाही. व्यावसायिक पदव्यांसाठी वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर अशी केंद्रीय कर्जाची मर्यादा आली आहे. त्यापुढची रक्कम बँकेकडून किंवा घरातून उभी करावी लागेल. भारतातून गेलेल्या विद्यार्थ्याला हे केंद्रीय कर्ज मुळातच मिळत नाही.

नोकरीची स्थिती कशी?

पगार आकर्षक आहे. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागानुसार २०२३ मध्ये फार्मासिस्टचा मध्यक वार्षिक पगार १ लाख ३६ हजार ३० डॉलर होता. म्हणजे निम्म्या फार्मासिस्टना याहून जास्त आणि निम्म्यांना कमी मिळत होते.

पण जिथे सर्वाधिक फार्मासिस्ट काम करतात, त्या औषध दुकानांच्या साखळ्या आक्रसत आहेत. वॉलग्रीन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन वर्षांत १२०० दुकाने बंद करण्याची घोषणा केली. सीव्हीएसनेही त्याआधीच्या तीन वर्षांत शेकडो दुकाने बंद केली. राइट एड दोनदा दिवाळखोरीत गेली आणि २०२५ मध्ये तिची सर्व दुकाने बंद झाली. रुग्णालये, विशेष आजारांची औषधे आणि औषधनिर्मिती कंपन्या या क्षेत्रांत संधी आहेत. तिथे मात्र फार्म.डी.नंतर एक-दोन वर्षांची रेसिडेन्सी किंवा फेलोशिप अनेकदा मागितली जाते.

परदेशी विद्यार्थ्यासाठी व्हिसाचा प्रश्न वेगळा. फार्म.डी. ही पदवी ‘स्टेम’ यादीत नसल्याने शिक्षणानंतर कामाची परवानगी साधारण एकच वर्ष मिळते. फार्मास्युटिक्स किंवा फार्मास्युटिकल सायन्सेस या विषयांतील एमएसला मात्र त्यावर आणखी दोन वर्षे मिळू शकतात. पुढे एच-१बी व्हिसासाठी सोडत असते. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरील उमेदवारांसाठीच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लावले आहे. परक्या उमेदवाराला नोकरी देताना मालक दोनदा विचार करणार, हे उघड आहे.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यापुढे पर्याय कोणते?

पहिला, भारतातच सहा वर्षांचे फार्म.डी. करणे. ते पाच वर्षांची अट पूर्ण करते, त्यामुळे एफपीजीईसीचा दरवाजा उघडा राहतो. महाविद्यालय निवडताना ते मोठ्या रुग्णालयाशी खरोखर जोडलेले आहे का, हे पाहावे. प्रमाणपत्र मिळाल्यावरही अमेरिकेत इंटर्नशिपचे तास, अनेक राज्यांत सुमारे १५०० तास, पूर्ण करावे लागतात. मगच नॅपलेक्स देता येते.

दुसरा, बी.फार्म.नंतर अमेरिकेत फार्म.डी.ला प्रवेश घेणे. तेथील मान्यताप्राप्त पदवी घेतली की एफपीजीईसीची गरज राहत नाही. काही विद्यापीठे परदेशी फार्मसी पदवीधरांना थेट दुसऱ्या वर्षात घेतात. यात एखादे वर्ष आणि त्या वर्षाचे शुल्क वाचते.

तिसरा, परवान्याचा आग्रह सोडून अमेरिकेत एमएस किंवा पीएच.डी. करणे आणि औषध कंपनीत संशोधन, गुणवत्ता किंवा नियामक विभागात काम करणे. बी.फार्म. झालेल्यांची मोठी संख्या आजही याच वाटेने जाते. मात्र या वाटेने गेल्यावर फार्मासिस्टचा पांढरा कोट मिळत नाही, हे आधीच ठाऊक असावे.

चौथा, देशच बदलणे. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात चार वर्षांची बी.फार्म. पदवी मूल्यमापनासाठी स्वीकारली जाते. तेथील परीक्षा आणि प्रशिक्षण पूर्ण करून परवाना मिळवता येतो.

पाचवा पर्याय घराजवळचा. बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षी जीपॅट देऊन एम.फार्म. करणे. १२५ प्रश्न, ५०० गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, असे या परीक्षेचे स्वरूप आहे. जीपॅट पात्र होऊन एम.फार्म.ला प्रवेश घेतलेल्यांना दरमहा १२ हजार ४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळू शकते. मोहाली, हैदराबाद, अहमदाबादसारख्या नायपर संस्थांची दारेही त्यातून उघडतात, त्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा असते.

निर्णय कधी घ्यायचा?

बारावीच्या फॉर्मच्या आधी. बी.फार्म. आणि फार्म.डी. दोन्हींची प्रवेशप्रक्रिया बारावीनंतरच होते. पर्याय भरताना दोन्ही नावे एकाखाली एक दिसतात, पण परवान्याच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘आधी बी.फार्म. करू, मग बघू’ हे वाक्य भारतात राहणाऱ्यासाठी चुकीचे नाही. अमेरिकेत औषध दुकानाच्या काउंटरमागे उभे राहायचे स्वप्न असेल, तर तेच वाक्य चार वर्षांनी महागात पडते.

एजंटच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या शब्दावर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात. आपल्या पदवीबाबत एनएबीपीची सध्याची अट, निवडलेल्या स्कूलची पूर्वअट विषयांची यादी आणि त्या स्कूलचा नॅपलेक्सचा निकाल. तिन्ही गोष्टी मोबाइलवर विनामूल्य पाहता येतात. त्या वाचायला एक संध्याकाळ पुरते आणि ती संध्याकाळ प्रवेशाचे शुल्क भरण्याच्या आधीची असावी.